शंभर पियानिस्ट नकोत, एक पीस घ्या आणि दोन पियानिस्ट

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंय की काम करताना मागे लावायला म्हणून पियानोच्या शांत प्लेलिस्ट ऐकायची सवय लागली, मग त्यातलं काहीतरी डोक्यात राहायला लागलं आणि वाटलं की आता हे नीट ऐकू या, म्हणून महान पियानिस्टांच्या याद्या शोधल्यात तर प्रत्येक यादीत नावं वेगळी, एकेका पीसची शेकड्यांनी रेकॉर्डिंग्ज, आणि त्यात तुमची मैत्रीण म्हणते की आधी बाख हा संगीतकार पूर्ण कर, मगच शोपँ या संगीतकाराला हात लाव. ते करायला गेलात आणि कंटाळून सोडून दिलंत. आता विचारताय की सगळ्यात भारी पियानिस्ट कोण ते एकदाचं सांगा, फक्त त्यालाच ऐकते, आणि मला यातलं कळण्याइतका कान तरी आहे का.

कानाचं आधी सांगते, कारण त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही मध्येच एक ओळ लिहून गेलात की मूनलाइट सोनाटा एका व्हिडिओत खूप आवडला आणि दुसऱ्या कुणीतरी वाजवलेला तोच ऐकवेना. अहो, हाच तर कान! नोटा त्याच होत्या, वाजवणारा बदलला आणि तुम्हाला ते जाणवलं. शास्त्र येत नाही, नोटेशन वाचता येत नाही, काही बिघडत नाही, फरक ऐकू आला म्हणजे तुमची सुरुवात कधीच झालीय.

आणि सगळ्यात भारी कोण याचं उत्तर मी देणार नाही, टाळतेय म्हणून नाही तर त्या उत्तराचा तुम्हाला काही उपयोग नाही म्हणून. एकाच पियानिस्टला धरून बसलात तर तो काय करतोय हेच कळत नाही, कारण तुलनेला काही नसतं. त्यापेक्षा असं करा, एक छोटा पीस घ्या, तो दोन वेगळ्या पियानिस्टांचा लागोपाठ ऐका, फोन बाजूला ठेवून, दुसरं काही न करता. बस. बाकी सगळं या एका सवयीतून आपोआप येतं असं माझं ठाम मत आहे.

पहिला पीस शोपँचा घ्या, नॉक्टर्न (रात्रीच्या मूडचा छोटा पीस) ओपस 9 नंबर 2, ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक. तुमच्या प्लेलिस्टमध्ये हा असणारच, तुम्ही शंभर टक्के ऐकलेला आहे, जेमतेम साडेचार-पाच मिनिटांचा. आधी आर्थर रुबिनस्टाइनचा लावा. हा पोलंडमधल्या वूचचा, 1887 चा जन्म, आयुष्यभर शोपँ वाजवला, नॉक्टर्न तर त्याने तीन वेगवेगळ्या काळात रेकॉर्ड केले, त्यातलं शेवटचं, 1960 च्या दशकातलं घ्या, आवाज स्वच्छ आहे. मग मारिया जुआओ पिरेश, पोर्तुगालची, तिचं 1990 च्या दशकातलं रेकॉर्डिंग. ऐकताना सुरुवातीला चाल सोडून द्या आणि डाव्या हाताकडे लक्ष द्या. तो एका खालच्या सुरावरून वर दोनदा हलकेच टेकतो, मग परत खाली, शेवटपर्यंत असंच. उजवा हात त्याच्यावर गातो, कधी थोडा रेंगाळतो, कधी पुढे पळतो, आणि तीच चाल परत आली की दर वेळी तिच्यावर थोडी जास्त नक्षी असते. रुबिनस्टाइन हे सगळं इतक्या सहज करतो की गाणारा माणूस श्वास घेतोय असं वाटतं, कुठेही ओढाताण नाही. पिरेश जास्त आत जाते, काही सूर इतके हळू ठेवते की आपोआप कान टवकारले जातात. शेवटाकडे चार सुरांचा एक छोटा घोळका उंचावर परत परत फिरतो, आधी जोरात मग विरत जातो, तिथे शोपँने लय सोडून दिलीय, पियानिस्टला मोकळं रान. दोघांनी तिथे काय केलंय ते बघा. हे एकदा पकडलंत की तुम्हाला पियानिस्ट ऐकू यायला लागला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते कारण ती पुढे सगळीकडे लागणार आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून सूर मरायला लागतो. गळ्यासारखा तो लांबवता येत नाही, फुगवता येत नाही, मींड घेता येत नाही. म्हणजे पियानोवर गाणं गायल्यासारखं जे वाटतं तो सगळा पियानिस्टने तयार केलेला भास असतो, पुढचा सूर आधीच्या मरणाऱ्या सुराच्या नेमक्या वजनाने लावायचा, पायाखालच्या पेडलने सूर घुमत ठेवून थोडा पूल बांधायचा, दोन्ही हातांचा जोर वेगळा ठेवायचा. मोठे पियानिस्ट मोठे का याचं अर्ध उत्तर इथे आहे, जलद बोटं पुष्कळांकडे असतात.

आता तुमचा मूनलाइट. बीथोवनचा ओपस 27 नंबर 2, 1801 चा. तुम्हाला आवडलेला व्हिडिओ कुणाचा ते लिहिलं नाहीत, पण विल्हेल्म केम्फचा ऐका, साधा, शांत, कुठेही भावनेचा बाजार न मांडता. मग आंद्राश शिफचा. तुम्हाला धक्का बसेल कारण पहिली मूव्हमेंट, म्हणजे पीसचा पहिला भाग, तो बरीच पुढे सरकती वाजवतो आणि आवाज सगळा एकमेकांत मिसळलेला येतो. त्याचं कारण असं की बीथोवनने स्वतः लिहून ठेवलंय की ही पूर्ण मूव्हमेंट तारांवरचे डॅम्पर, म्हणजे सूर थांबवणाऱ्या गाद्या, उचलून वाजवा, म्हणजे आजच्या भाषेत पेडल दाबूनच ठेवा. त्या काळच्या पियानोत सूर लवकर विरायचा, आजच्या मोठ्या पियानोत तो खूप वेळ घुमतो, म्हणून बहुतेक जण पेडल बदलत राहतात, शिफ मात्र ती सूचना मनावर घेतो. मला स्वतःला आजही ठरवता येत नाही की कुठला जास्त खरा, पण शिफ ऐकल्यावर केम्फ वेगळा ऐकू येतो हे नक्की. आणि कृपा करून पहिल्या मूव्हमेंटवर थांबू नका! प्लेलिस्टवाले तेवढीच तोडून लावतात. तिसरी मूव्हमेंट म्हणजे वादळ आहे, पहिलीतले तेच तुकड्या-तुकड्यांनी चढणारे सूर इथे संतापून वर धावतात आणि टोकाला दोन फटके बसतात. तीन मूव्हमेंट मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास होतात, सलग ऐका, एकदा तरी.

आता मैत्रिणीचा बाख. ती चुकीचं काही सांगत नाहीये, बाख सगळ्यांच्या मुळाशी आहेच, फक्त बाख पूर्ण करणं हा प्रकार आयुष्यभराचा आहे, ती पहिली पायरी कशी असेल? पण बाखपासून लांबही राहू नका, कारण माझ्या दोन पियानिस्टांच्या पद्धतीचं सगळ्यात सुंदर उदाहरण बाखमध्येच आहे आणि तिथे दोन्ही पियानिस्ट एकच माणूस आहे. ग्लेन गूल्ड, कॅनडाचा, टोरांटोचा. 1955 मध्ये, वय 22, न्यूयॉर्कला जाऊन त्याने बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स रेकॉर्ड केले, एक छोटी चाल, तिच्यावर तीस व्हेरिएशन्स, म्हणजे तिची बदललेली रूपं, आणि शेवटी परत तीच चाल. 1741 मध्ये छापलेली रचना, मुळात हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्यासाठी, तोवर फार कमी लोक ती पियानोवर वाजवायचे. गूल्डने ती अशी सुसाट वाजवली की रेकॉर्ड बाहेर पडताच तो जगभर पोचला. 1964 मध्ये तर त्याने स्टेजवर वाजवणंच बंद केलं, यापुढे फक्त स्टुडिओ. आणि 1981 मध्ये त्याने तोच पीस परत रेकॉर्ड केला. पहिलं रेकॉर्डिंग साधारण 38 मिनिटांचं, दुसरं 51 चं. सुरुवातीची चालच घ्या, तरुण गूल्ड ती दोन मिनिटांच्या आत संपवतो, दुसऱ्या वेळी तिलाच तीन मिनिटांच्या वर लागतात, एकेक सूर जागेवर ठेवल्यासारखा. दुसरं रेकॉर्डिंग बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत, 4 ऑक्टोबर 1982 ला, पन्नाशी गाठून नऊ दिवस झाले होते तेव्हा, तो गेला.

तुम्ही फक्त चाल आणि पहिली चार-पाच व्हेरिएशन्स ऐका, दोन्हीकडची. मागे कुणीतरी गुणगुणतंय असं वाटेल, तो गूल्डच, त्याला ते थांबवताच यायचं नाही आणि रेकॉर्डिंगवाल्यांनाही. वडिलांनी करून दिलेल्या अगदी बुटक्या खुर्चीवर बसायचा, नाक जवळजवळ पट्ट्यांना लागायचं. हा विक्षिप्तपणा लोक फार चघळतात, मला त्यापेक्षा त्याचे सुटे सुटे सूर महत्त्वाचे वाटतात, दोन-तीन चाली एकाच वेळी चालू असताना प्रत्येक चाल वेगळी ऐकू येते, गुंता होत नाही. आणि गूल्ड जमलाच नाही तर मरे पेराहियाचं गोल्डबर्ग आहे, 2000 सालचं, ते जास्त मऊ आणि प्रेमळ आहे, तो बाखने सांगितलेल्या पुनरावृत्त्याही घेतो त्यामुळे लांबतं.

शोधायची एक युक्ती. नुसतं शोपँ नॉक्टर्न टाकलंत तर हरवाल, कारण ते वीसच्या वर आहेत. नेहमी नंबर टाका आणि सोबत पियानिस्टचं आडनाव. बीथोवन, शोपँ, ब्राम्सला ओपस नंबर असतो, मोत्सार्टला के, शूबर्टला डी, बाखला बीडब्ल्यूव्ही, ही त्यांच्या रचनांच्या याद्यांची अक्षरं, पुढे नंबर.

आता मी सगळ्यात जास्त जीव लावलाय त्या जोडीकडे येते. राव्हेलचा जी मेजर पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, त्याची फक्त मधली संथ मूव्हमेंट. पहिल्यांदा वाजला 1932 मध्ये पॅरिसला, मार्गरीत लाँग पियानोवर आणि राव्हेल स्वतः ऑर्केस्ट्रासमोर. या मूव्हमेंटच्या सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं ऑर्केस्ट्रा गप्प बसलेला असतो, पियानो एकटा. डावा हात वॉल्ट्झ या तीन ठोक्यांच्या नाचासारखं काहीतरी चालवतोय, उजवा हात एक लांबच लांब चाल, जी कुठे संपणार याचा अंदाजच येत नाही, आणि दोन्ही हातांची लय एकमेकांत नीट बसत नाही, थोडी सरकलेली राहते. मग बासरी येते आणि तुमच्या अंगावर काटा येतो. पुढे तीच चाल कॉर आंग्ले नावाचं ओबोच्या घरातलं वाद्य घेतं आणि पियानो बाजूला होऊन तिच्याभोवती बारीक नक्षी विणत बसतो.

हे आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेलीचं ऐका, इटलीचा, 1957 चं रेकॉर्डिंग. एवढा स्वच्छ, इतका काटेकोर, आणि तरी डावा हात उजव्याच्या किंचित आधी टेकतो, जुन्या पद्धतीने, त्यामुळे चाल तरंगते. मग मार्था आर्गेरिचचं ऐका, क्लाउडियो अब्बाडो आणि बर्लिन फिलहार्मोनिकसोबत, 1967. आर्गेरिच ब्युनोस आयर्सची, 1941 ची, 1965 मध्ये वॉर्सॉची शोपँ स्पर्धा जिंकलेली, आणि गंमत म्हणजे ती काही काळ याच मिकेलांजेलीकडे शिकायला होती, धडे मोजकेच झाले. गुरूचा बर्फासारखा नितळपणा आणि शिष्येची ऊब, पीस तोच. आर्गेरिचच्या हातात कुठल्याही क्षणी काहीतरी पेट घेईल असं वाटत राहतं, आणि म्हणून ती जेव्हा अशी संथ चाल धरून ठेवते तेव्हा ते जास्त भिडतं. हिचं पेटलेलं रूप पाहायचं तर याच कॉन्चेर्टोच्या बाकीच्या दोन मूव्हमेंट आहेत किंवा प्रोकोफिएव्हचा तिसरा कॉन्चेर्टो, तोही अब्बाडोसोबत. माणूस म्हणूनही ती मला आवडते, 1980 मध्ये त्याच शोपँ स्पर्धेत ती परीक्षक होती, इव्हो पोगोरेलिच नावाच्या तरुण पियानिस्टला अंतिम फेरीत घेतलं नाही म्हणून ती सरळ परीक्षक मंडळातून बाहेर पडली.

मोत्सार्टमध्ये के 466, डी मायनर कॉन्चेर्टो. क्लारा हास्किलने हा नोव्हेंबर 1960 मध्ये रेकॉर्ड केला आणि पुढच्याच महिन्यात ती गेली, पण त्या वाजवण्यात थकवा शोधून सापडत नाही. पिरेशचा एक व्हिडिओही जरूर बघा, 1999, ॲमस्टरडॅम, रिकार्डो शायी कंडक्टर, समोर प्रेक्षक बसलेले. ऑर्केस्ट्रा सुरू होतो आणि तिला कळतं की तिची तयारी वेगळ्याच कॉन्चेर्टोची आहे. तिचा चेहरा बघवत नाही. शायी ऑर्केस्ट्रा न थांबवता तिच्याशी बोलत राहतो, तुला हा येतो, तू वाजवशील असा धीर देतो, आणि पियानोची पाळी येते तेव्हा ती वाजवते, आठवणीतून. एखादा पीस हातात किती खोल उतरलेला असतो हे त्या दोन मिनिटांत दिसतं.

तुम्ही लिहिलंय की लांब पीस लावले की मन भरकटतं, मग अपराधी वाटतं. भरकटू द्या हो. शूबर्टचा शेवटचा सोनाटा आहे, डी 960, 1828 च्या सप्टेंबरमधला, नोव्हेंबरमध्ये तो 31 व्या वर्षी वारला. सुरुवातीला एक शांत चाल येते, आणि मग खूप खालून एक गुरगुर, अगदी हळू, लांब कुठेतरी ढग वाजल्यासारखी, आणि मग शांतता. स्व्यातोस्लाव रिख्टर हा पियानिस्ट या सोनाटाची एकटी पहिली मूव्हमेंट चोवीस मिनिटांच्या आसपास नेतो, इतकी हळू की पहिल्यांदा ऐकताना वाटतं याला पुढे जायचंच नाहीये. रिख्टर उतारवयात अंधाऱ्या हॉलमध्ये वाजवायचा, फक्त समोरच्या कागदांवर एक दिवा, म्हणजे लोकांनी त्याच्याकडे न बघता ऐकावं. हा पीस ऐकताना मन दहा ठिकाणी जाऊन येतं आणि ती गुरगुर परत आली की आपण परत येतो, तेवढं पुरेसं आहे. रिख्टर फार जड वाटला तर मित्सुको उचिदाचा घ्या, किंवा आधी शूबर्टचं जी फ्लॅट इम्प्रॉम्प्टू, ओपस 90 नंबर 3, राडू लुपूचं, सहाएक मिनिटांचं, त्यापेक्षा हळुवार पियानो मला माहीत नाही.

जुनी खरखरणारी रेकॉर्डिंग्ज ऐकायची का असंही विचारलंय. ऐका, पण एकदम 1930 च्या दशकात उडी मारू नका, नाहीतर आर्टुर श्नाबेलचे बीथोवन सोनाटा ऐकून तुम्हाला फक्त खरखर लक्षात राहील, आणि ते रेकॉर्डिंग फार मोलाचं आहे, 32 च्या 32 सोनाटा सगळ्यात आधी त्यानेच रेकॉर्ड केले. दिनू लिपातीपासून सुरू करा. रोमानियाचा, हॉजकिन्स नावाच्या कर्करोगाने पोखरलेला. 16 सप्टेंबर 1950 ला फ्रान्समध्ये बझाँसाँला त्याची शेवटची मैफल झाली, डॉक्टरांचा विरोध असताना. कार्यक्रमात शोपँचे 14 वॉल्ट्झ होते, 13 झाले आणि चौदावा वाजवायची ताकद उरली नाही, मग थोड्या वेळाने त्याने बाखचं एक छोटं कोराल, म्हणजे चर्चचं गीत, वाजवलं आणि संपवलं. डिसेंबरमध्ये तो गेला, वय 33. या मैफलीचं रेकॉर्डिंग आहे. गोष्ट माहीत नसती तर तुम्हाला वाजवणारा आजारी आहे असं मुळीच वाटलं नसतं, वॉल्ट्झ नाचतात अक्षरशः.

बाकी नावं पटकन सांगते, सवडीने घ्या. पोलिनीचे शोपँ एट्यूड, म्हणजे सरावासाठीचे पीस, 1972 चे, पोलादासारखे. झिमरमनचे शोपँ बॅलड, त्यातही पहिला आणि चौथा. स्पेनचं संगीत ऐकायचं तर आलिसिया दे लारोचा, आल्बेनिथचं इबेरिया. होरोविट्झ 1986 मध्ये 61 वर्षांनी रशियात परतला त्या मॉस्कोच्या मैफलीत त्याने शूमनचं ट्रॉयमराय वाजवलं, तीनेक मिनिटांचा अगदी साधा पीस, व्हिडिओत समोरची माणसं रडताना दिसतात.

आणि आजच्या मुलांमध्ये कोण, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पुष्कळ आहेत, ट्रिफोनोव्ह, युजा वांग, सोंग-जिन चो, पण तुम्ही युनचान लिम ऐका. कोरियाचा, जून 2022 मध्ये अमेरिकेतली व्हॅन क्लायबर्न स्पर्धा जिंकला, वय 18, त्या स्पर्धेचा सगळ्यात लहान विजेता. अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीत त्याने लिस्टचे बाराही ट्रान्सेंडेंटल एट्यूड सलग वाजवले, तासाभराचं काम, आणि अंतिम फेरीत रॅखमनिनॉवचा तिसरा कॉन्चेर्टो, मरिन ऑलसॉप कंडक्टर. व्हिडिओ सहज मिळतो. हा कॉन्चेर्टो रॅखमनिनॉवने 1909 च्या अमेरिका दौऱ्यासाठी लिहिला, जहाजावर आवाज न करणाऱ्या कीबोर्डवर त्याची प्रॅक्टिस करत गेला. सुरुवात इतकी साधी की शिकाऊ मूलही ती चाल वाजवेल, दोन्ही हातांत एकच चाल, आणि तिथून हळूहळू डोंगर उभा राहतो. पहिल्या मूव्हमेंटच्या उत्तरार्धात ऑर्केस्ट्रा थांबतो आणि पियानो एकटा सुटतो, त्याला केडेन्झा म्हणतात, आणि इथे रॅखमनिनॉवने दोन पर्याय लिहून ठेवलेत, एक चपळ आणि हलका, दुसरा अवजड, घणाघाती. आर्गेरिच 1982 च्या बर्लिनच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये हलका घेते आणि त्यातून ठिणग्या पाडते. व्हॅन क्लायबर्न, ज्याच्या नावाने ती स्पर्धा आहे तो, 1958 मध्ये मॉस्कोची चायकोव्स्की स्पर्धा जिंकून आल्यावरच्या कार्नेगी हॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये अवजड घेतो, सावकाश, भव्य. तुम्ही आधी लिम पूर्ण बघा, मग या दोघांची फक्त पहिली मूव्हमेंट ऐका, आणि केडेन्झा कुणाची जास्त पटली ते मला नक्की लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.